मी गप्प बसले, ती साथ होती का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया पहिल्यांदा वाचली तेव्हा राग आला. राग ओसरल्यावर पुन्हा वाचली आणि तुम्ही नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलंय हे कळलं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मूळ लेख ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: एका बैठकीत माझा तरुण सहकारी आपलं काम मांडत असताना एका प्रश्नावर अडखळला. उत्तर मला ठाऊक होतं, तरी मी बोलले नाही. काम त्याचं होतं, त्यालाच निभावू द्यावं असं वाटलं, आणि लेखात मी त्याला ‘मागे राहून दिलेली साथ’ म्हटलं. तुमचे आक्षेप दोन. ही साथ नव्हे, हे त्याला वाऱ्यावर सोडणं झालं. आणि पुढे होण्याचा ‘योग्य क्षण’ असा काही नसतोच. सगळं घडून गेल्यावर आपण तो ठरवतो, त्यामुळे जबाबदार माणसाने कायम पुढेच असावं.

पहिला आक्षेप मला मान्य आहे. माझी चूक कुठे झाली हे शोधताना एक जुना प्रयोग आठवला. बिब लाताने आणि जॉन डार्ली या मानसशास्त्रज्ञांनी 1968 साली तो प्रसिद्ध केला. माणसाला खोलीत प्रश्नावली भरायला बसवायचं आणि भिंतीतल्या झरोक्यातून धूर सोडायचा. एकट्याने बसलेल्यांपैकी 75 टक्के लोक उठून सांगायला गेले. सोबत मुद्दाम शांत बसून राहणारे दोघं असले, तेव्हा फक्त 10 टक्के. बाकीचे डोळे चोळत, धूर हाताने बाजूला सारत प्रश्नावली भरत राहिले. शेजारचे दोघं शांत आहेत, म्हणजे काही बिघडलेलं नसावं, असा अर्थ त्यांनी लावला.

त्या बैठकीतही लोक माझ्या गप्प बसण्याचा काहीतरी अर्थ लावत होते, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. ‘हिला उत्तर माहीत असूनही ही बोलत नाही, म्हणजे याचं काम कच्चं असणार,’ असं कुणाला वाटलं असेल तर त्यांना दोष कसा देऊ? आणि त्याला स्वतःला काय वाटलं असेल? मी मनातून त्याच्या पाठीशी होते, पण ते त्याला सांगितलं कुठे होतं? न सांगता दिलेली साथ समोरच्याला दिसत नाही. त्याला दिसतो तो फक्त गप्प बसलेला माणूस.

दुसरा आक्षेप मात्र मला पटत नाही. क्षण ओळखणं अवघड आहे हे खरं, पण म्हणून कायम पुढे राहणं हा उपाय नव्हे. हृदय बंद पडलेल्या रुग्णाभोवती रुग्णालयात जे पथक जमतं, त्यांची रीत बघा. सूत्रं ज्याच्याकडे असतात तो शक्यतो स्वतः छाती दाबत नाही. सगळं दिसेल अशा जागी, बहुधा पलंगाच्या पायथ्याशी, उभा राहतो. पण खोलीत पहिला पोचलेला माणूस एकटा असेल, तर तो वरिष्ठाची वाट बघत थांबत नाही, लगेच छाती दाबायला लागतो. इथे अनुभव किती, हा प्रश्नच गौण आहे. समोर काम पडलंय आणि करणारं कुणी नाही, एवढीच खूण पुरते.

आणि याच रीतीत मला सर्वांत मोलाची वाटते ती अदलाबदल. छाती दाबणारा माणूस साधारण दर 2 मिनिटांनी बदलतात. थकला की बदलू, असं म्हणत नाहीत. कारण दाब उथळ पडायला लागला तरी दाबणाऱ्याला स्वतःला तो जोरात पडतोय असंच वाटत राहतं. बाजूला होण्याची वेळ ज्याची त्याला कळत नाही, म्हणून ती घड्याळावर सोपवलेली असते. तुम्ही म्हणता क्षण मागाहून ठरतो. मी म्हणेन तो आधीच ठरवून ठेवता येतो. मी तो ठरवला नव्हता.

‘जबाबदार माणसाने कायम पुढेच असावं’ यावर आणखी एक गोष्ट. 19 जुलै 1989 रोजी अमेरिकेत एका डीसी-10 विमानाचं शेपटीतलं इंजिन फुटलं आणि विमान वळवणाऱ्या तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा निकामी झाल्या. कॅप्टन होते अल हेन्स. त्याच विमानाचं प्रशिक्षण देणारे डेनिस फिच प्रवाशांत बसले होते. त्यांनी मदत देऊ केली, हेन्स यांनी त्यांना कॉकपिटमध्ये बोलावलं आणि उरलेल्या दोन इंजिनांचे थ्रॉटल, म्हणजे इंजिनांचा जोर कमी-जास्त करणारे दांडे, त्यांच्या हाती दिले. सू सिटीला उतरताना विमान मोडलं, 112 माणसं गेली. पण 296 पैकी 184 वाचली. कॅप्टन शेवटपर्यंत हेन्सच होते. मला यातली फिच यांची बाजू जास्त शिकवून जाते. आपल्याला येतंय म्हणून ते घुसले नाहीत आणि आपण प्रवासी आहोत म्हणून बसूनही राहिले नाहीत. मी इथे आहे, हे त्यांनी आधी कळवलं. मी नेमकं तेवढंच केलं नव्हतं.

तुमची प्रतिक्रिया वाचल्यावर मी त्या सहकाऱ्याशी बोलले. त्या दिवशी काय वाटलं, असं सरळ विचारलं. तो म्हणाला, “मी तुमच्याकडे पाहिलं होतं. तुम्ही वहीत बघत होतात.”

मला ते आठवतही नाही. मी त्याची माफी मागितली. मग आम्ही दोघांनी ठरवलं: पुढच्या वेळी प्रश्न आला की आधी तोच बोलेल, आणि त्याने माझं नाव घेतलं की मी. तोवर माझी वही मिटलेली असेल.