माती आणि जड धातू : दोन आक्षेपांना उत्तर

बेंटोनाइट ही चिकणमाती सांडपाण्यातले शिशासारखे सर्व जड धातू धरून पाणी शुद्ध करते, असे मी एका लेखात लिहिले होते. त्यावर आपले दोन आक्षेप आहेत. माती जड धातू नष्ट करत नाही, पाण्यातले विष केवळ गाळात नेऊन ठेवते, मग याला शुद्धीकरण का म्हणावे, हा पहिला. आणि शुद्ध पाण्यात धातूचे क्षार विरघळवून मिळवलेले आकडे मी सरसकट सांडपाण्याला लावले, हा दुसरा. दुसरा मला मान्य आहे.

पहिल्याबद्दल एवढेच सांगतो की शिसे हे मूलद्रव्य आहे. चुना वापरा, आयन बदलणारी कृत्रिम राळ वापरा, ते कोणत्याच रासायनिक उपायाने नाहीसे होत नाही. हजारो लिटर पाण्यात विखुरलेले शिसे काही किलो गाळात गोळा झाले, तर त्याचा बंदोबस्त करता येतो. तो गाळ उघड्यावर टाकला आणि त्याला आम्लयुक्त पाणी लागले, तर धातू पुन्हा सुटतो, ही आपली भीती मात्र रास्त आहे.

आता माझी चूक. बेंटोनाइटमधील मॉन्टमोरिलोनाइट या मुख्य खनिजाच्या पापुद्र्यांत काही ठिकाणी ॲल्युमिनियमऐवजी मॅग्नेशियम बसलेले असते, त्यामुळे पापुद्र्यांवर ऋणप्रभार येतो आणि मधल्या फटींत सैल धरलेल्या सोडियम-कॅल्शियमची जागा शिसे घेऊ शकते. या हिशेबाने 1 ग्रॅम माती सुमारे 100 मिलिग्रॅम शिसे धरते, असे मी लिहिले होते. हिशेब बरोबर आहे, पण तो कागदावरचा. लिटरमागे 1 मिलिग्रॅम शिसे आणि 100 मिलिग्रॅम कॅल्शियम असलेल्या कठीण (दुष्फेन) पाण्यात शिशाच्या एका प्रभारामागे कॅल्शियमचे जवळजवळ 500 प्रभार त्याच जागांसाठी उभे असतात; मातीचा ओढा शिशाकडे अधिक असला, तरी एवढ्या गर्दीत तो पुरा पडत नाही. पाणी आम्लधर्मी असेल, तर हायड्रोजनचे आयनही (प्रभारित कण) त्या रांगेत घुसतात.

आपण न विचारलेली एक उणीवही सांगून टाकतो. आर्सेनिक आणि षट्संयुजी क्रोमियम (क्रोमियमचे एक विषारी रूप) पाण्यात बहुधा ऋण आयनांच्या रूपात असतात, आणि ऋणप्रभारित माती त्यांना जवळ करत नाही. 'सर्व जड धातू' हे माझे शब्द म्हणूनच चुकीचे होते, ते मी मूळ लेखातून काढले आहेत.

पाण्यातून माती गाळून वेगळी कशी करायची, हेही आपण विचारले आहे. बेंटोनाइट पाण्यात ढवळून भांडे रात्रभर ठेवले, तरी सकाळी पाणी गढूळच दिसते, कारण त्याचे फुगलेले कण खाली बसतच नाहीत आणि गाळणीची छिद्रेही बुजवतात. तुरटीने ते गोळा होतात. मात्र तुरटी पाण्याचा सामू (pH) उतरवते, म्हणजे पाणी आम्लधर्मी करते, म्हणून तो तपासून मगच पाणी निवळू द्यावे.