नवपंचम योग आणि माझे ४१ तास

काल रात्री माझे ४१ तास गेले. गेले एका झटक्यात, जमवायला मात्र जवळजवळ दोन महिने लागले होते, रोज मुलगी झोपली की दहा ते पावणेअकरा, आवाज बंद करून.

गेमचं नाव ‘फायनल फँटसी टॅक्टिक्स’. मूळ जपानी, १९९७ चा, मी खेळतो ती ‘वॉर ऑफ द लायन्स’ ही २००७ ची आवृत्ती, टॅबवर. बुद्धिबळासारखा पट, आळीपाळीने चाली, आणि गोष्ट म्हणजे सरदारांची भाऊबंदकी, आपल्याला काही वेगळं शिकवावं लागत नाही. तिसऱ्या अध्यायाच्या शेवटी रिओव्हानेस नावाचा किल्ला येतो. दारावरची लढाई जिंकलात की गेम फार अदबीने विचारतो, सेव्ह करायचं का? मी म्हटलं हो. एकुलत्या एका जागेवर, जुन्यावरच. आत गेल्यावर कळलं की आता मागे फिरता येत नाही, ना नवी तलवार घेता येते ना सराव करता येतो, आणि पुढची लढाई आपल्या नायकाने, रामझाने, एकट्याने व्हीग्राफ नावाच्या माणसाशी करायची, जो माझ्या रामझाला दोन फटक्यांत झोपवतो. बाकीची पलटण बाहेर उभी. हा व्हीग्राफ हरलाच तर राक्षस होऊन परत उभा राहतो म्हणे. मी तिथपर्यंत पोचलोच नाही.

अकरा वेळा मेल्यावर बेल वाजली. दुसऱ्या मजल्यावरचे काका. टाकी साफ करायच्या कागदावर सही हवी होती, इतक्या रात्री. सही झाली, पण काका बसले. काका पत्रिका बघतात, फुकट आणि न विचारता.

“हे काय, पत्ते?”

“नाही हो काका, लढाईचा गेम आहे.”

“हा कोण? आणि हे व्हर्गो काय लिहिलंय?”

इथे मी चूक केली. मी सांगितलं की या गेममध्ये प्रत्येकाला रास असते आणि कुणाची कुणाशी जुळते त्यावर फटका किती लागणार ते ठरतं. काकांनी चष्मा बदलला. वाचायचा चष्मा ते शर्टाच्या खिशात घेऊनच हिंडतात.

“म्हणजे हा कन्या. आणि तुझा?”

“वृषभ. गेम सुरू करताना जन्मतारीख विचारतात, मी माझी टाकली होती, मेमधली.”

“जन्मवेळ?”

“नाही विचारत.”

“वेळ नाही विचारत?” काका हिच्याकडे वळले. “अगं, नुसत्या तारखेवर रास काढतात, सूर्यरास! जपानी माणूस इतका काटेकोर, आणि चंद्र सोडून दिला?” मग माझ्याकडे, “पण वृषभ-कन्या म्हणजे नवपंचम योग. उत्तम जुळतं! काळजी करू नकोस.”

“काका, जुळलं की फटका पंचवीस टक्के जास्त लागतो.”

“मग चांगलंच की.”

“दोघांचाही. तोही मला पंचवीस टक्के जास्तच मारतो.”

काका बराच वेळ गप्प बसले. मग आत काकूंना ऐकू जाणार नाही याची खात्री करावी तसे दाराकडे बघून म्हणाले, “बरोबर आहे.” काकू दुसऱ्या मजल्यावर होत्या.

“बरं, जुळतच नसेल तर?”

“समोरासमोरच्या राशी आणि दोघं पुरुष असतील तर फटका निम्मा. म्हणजे कन्येला मीन. पुरुष आणि बाई असेल तर उलट, दीडपट.”

“समसप्तक! आमच्या लग्नात हेच आहे.” एवढं बोलून त्यांनी चहा मागितला.

मग त्यांना सगळंच हवं होतं. पडलेल्या शिपायाला तीन पाळ्यांत उठवलं नाही तर तो कायमचा जातो, त्याचा कधीकधी स्फटिक होतो आणि तो उचलणाऱ्याला त्याची विद्याही मिळू शकते, हे ऐकल्यावर “म्हणजे तिसऱ्या दिवशी अस्थी आणि लगेच वाटणी, पटलं,” असं म्हणाले. गेममध्ये राशींचे जादूचे दगड असतात, त्यात तेराव्या राशीचाही आहे, भुजंगधारीचा, हे मात्र पटलं नाही. त्यावर पंचवीस मिनिटं. तेवढ्यात मी अजून चारदा मेलो आणि प्रत्येक वेळी काका म्हणत होते, “बघ, गुरूचं पाठबळ नाही.”

जाताना दारात म्हणाले, “या वयात असले पोरखेळ सोड आता.” हे मला लागलं, खरंच लागलं. हा माणूस पाच दिवसांची टेस्ट पावसासकट बघतो, सिरीयलमधली सून सात वर्षं रडतेय ती बघतो, तो वेळ वाया नाही, आणि माझी पाऊण तासाची शांतता म्हणजे पोरखेळ. हीसुद्धा हसली. तिने तर त्यांना माझी खरी जन्मवेळ देऊन टाकली.

रात्री दोनपर्यंत वाचलं. उपाय आहे, ‘टेलविंड’ हे कसब परत परत वापरून रामझाचा वेग एकेकाने वाढवत न्यायचा. मी ते कसब शिकलोच नव्हतो. म्हणजे आता परत पहिल्यापासून.

आज रविवार. दुपारी काका परत आले, हातात माझी पत्रिका. चंद्ररास मेष, साडेसाती. सोसायटीत आता वॉचमनलाही माहीत आहे. मी म्हटलं, जाऊ दे, नवीन गेम सुरू करतो, जन्मतारीख मार्चमधली टाकतो, मीन. काका म्हणाले, छान, पण आत्ता नको, साडेचार ते सहा राहुकाळ आहे.

आत्ता पावणेसहा वाजलेत. टॅब समोर आहे, तारीख विचारतोय. माझा असल्या गोष्टींवर अजिबात विश्वास नाही, पण पंधरा मिनिटांनी काय फरक पडतो, तोवर हे टाईप करत बसलोय.