‘सागाची फळी लावा, विषय संपला’: या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचं म्हणणं असं: चार फुटी पुस्तकांच्या कप्प्यासाठी मी सुचवलेला प्लाय, पुढची पट्टी, मधला आधार हा सगळा खटाटोप फुकट आहे, एक इंची साग लावला की झालं, साग वाकत नाही.

सागाची बाजू मोठी आहे हे मान्यच. वाळवी, पाणी, पावसाळ्यातलं फुगणं यात तो सरस. पण न मोडणं आणि न वाकणं या वेगळ्या गोष्टी आहेत. ताठपणात साग चांगल्या पाइनपेक्षा थोडाच पुढे आहे आणि साल वृक्षाच्या लाकडाच्या मागे. फळी किती झुकणार हे झाडाच्या जातीपेक्षा दोन आधारांमधलं अंतर आणि जाडी जास्त ठरवतात. अंतर दुप्पट झालं आणि फळी तशीच पुस्तकांनी भरली, तर बाक (फळीचा झुकाव) सोळापट. जाडी १८ ची २५ मिमी केली, तर तो जवळजवळ पावणेतीनपट कमी.

वखारीतली एक इंची फळी दोन्ही बाजूंनी रंधल्यावर २० ते २२ मिमी उरते. २५ सेंमी रुंद, १२० सेंमी लांब, २० मिमी जाड सागाच्या फळीवर मीटरला ३० किलो पुस्तकं ठेवली, तर ती पहिल्याच दिवशी चारेक मिमी झुकते. भार कायम राहिला की लाकूड हळूहळू आणखी बसतं; काही वर्षांत हा आकडा दुपटीला पोचू शकतो. मीटरला अडीच मिमीच्या पुढचा झोळ नजरेला दिसतो. उलट त्याच कप्प्याला मध्ये उभा आधार दिला, तर ६० सेंमीच्या टप्प्यावर (दोन आधारांमधल्या अंतरावर) साधा १८ मिमी प्लायही अर्धा-पाऊण मिमीच झुकतो.

मधला आधार नकोच असेल तर पट्टी लागते. १८ मिमी जाड, ५० मिमी उंच सागाची पट्टी प्लायच्या पुढच्या कडेला उभी, वरून समपातळीत. मागे भिंतीला पूर्ण लांबीची २० मिमी जाड पट्टी, दर ३५-४० सेंमीवर ७५ मिमी स्क्रू; तो प्लास्टर ओलांडून विटेत चार सेंमी तरी गेला पाहिजे. फळी या मागच्या पट्टीवरही स्क्रूने बसवा. नुसत्या प्लायचा नऊ मिमीचा बाक यामुळे मिलिमीटरभरावर येतो. मात्र पुढच्या पट्टीला कडेभर डिंक हवाच. केवळ खिळ्यांवर ठोकली तर दोन्ही तुकडे एकमेकांवर सरकतात आणि फायदा कमी होतो. डिंक सुकेपर्यंत क्लॅम्प काढू नका.

प्लाय कापताना वरच्या थराचे रेषे फळीच्या लांबीला धावले पाहिजेत. ब्लॉकबोर्डमध्ये (आत लाकडी पट्ट्या आणि वर-खाली पातळ थर असलेला बोर्ड) फळीच्या आखूड कडेला आतल्या पट्ट्यांची चौकोनी तोंडं दिसली तर कापणी बरोबर. लांब कडेला दिसली तर ती फळी परत द्या. सनमायका दोन्ही बाजूंना लावा, एकाच बाजूला लावला तर फळी भाराविनाही वळते.

‘बीडब्ल्यूआर घेतला की चिंता नाही’ हेही तुम्ही लिहिलंय. एमआर (ओल सोसणारा) आणि बीडब्ल्यूआर (उकळतं पाणी सोसणारा) या प्लायच्या प्रतींतला फरक मुख्यतः पाण्यात डिंक किती टिकतो याचा आहे. ओट्याखाली तो हवाच, पुस्तकांच्या कप्प्याला त्याने ताठपणा येत नाही.

पार्टिकल बोर्डबद्दल (लाकडाच्या कपच्या डिंकाने दाबून केलेला बोर्ड): त्याचा ताठपणा प्लायच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. ४५ सेंमीपेक्षा लांब टप्पा देऊ नका.

लावलेल्या सागाच्या फळीला झोळ आलाच असेल तर ती फेकू नका. पुस्तकं काढा, उंचवटा वर येईल अशी उलटी करा आणि बरोबर मध्यावर उभा आधार द्या. आधाराविना नुसती उलटवली तर भार पडताच ती पुन्हा खाली बसेल.