मासा हाय, जावई न्हाई

"मासा हाय तो, जावई न्हाई," असं मला परवा भरल्या दुकानात ऐकवण्यात आलं. वर हशा. त्यात गप्पी न्यायला आलेलं एक शाळकरी पोरगंही दात काढत होतं. मोठ्यांचं सोडून दिलं, त्या पोराचं नाही सोडणार.

प्रकरण असं. मी कोल्हापुरात राहून खाऱ्या पाण्यातले मासे पाळतो. समुद्र बघायचा तर आंबा घाट उतरावा लागतो, म्हणून माझा समुद्र पाकिटातून येतो. लिटरला साधारण 35 ग्रॅम मीठ घालून तो मी बादलीत ढवळतो. नवीन ब्लू टँग जातीचा मासा आणला तो थेट मोठ्या टाकीत न सोडता बाथरूममधल्या टबात वेगळा ठेवला. आठवडा व्हायच्या आत त्याच्या अंगावर पांढरे ठिपके उठले. टाकीतले जुने क्लाऊनफिश या वेगळं ठेवण्यामुळंच वाचले, पण घरात त्याचं कौतुक शून्य. "आम्ही आंघोळ कुठं करायची?" एवढंच.

फोटो काढला आणि मासा घेतला होता ते दुकान गाठलं.

मालक म्हणाले, "डिझाईन हाय ते."

"नेताना नव्हतं."

"मग तुमच्या पाण्यानं झालं आसंल."

मी आवाज चढवला, आणि तो जावयाचा शेरा बसला. हशा ओसरतोय तोवर स्टुलावरचे एक आजोबा उठले. पांढरा लेंगा-शर्ट, दोन्ही कान मोडलेले, मान खांद्यातच. नातवाच्या गोल्डफिशला खाऊ न्यायला आलेले पैलवान. मला न विचारता त्यांनी मोबाईल हातात घेतला, अंगठ्यानं फोटो मोठा करायला गेले आणि मासा सोडून टबाच्या कडेची साबणाची वडी मोठी केली. ती नीट न्याहाळली. मग मासा सापडला.

"गजकर्ण," पैलवानांनी निकाल दिला. "तालमीत एकाला झालं की समद्यांस्नी. एकाच मातीत लोळायचं म्हटल्यावर काय हुनार?"

मालकांनी एकदम खाऊच्या डब्या नीट लावायला घेतल्या. कारण त्यांच्या सगळ्या टाक्यांतलं पाणी एकाच पंपावर फिरतं. एका माशाचा जंतू त्या पाण्याबरोबर सगळ्या टाक्या हिंडून येतो.

"पैलवान, हे गजकर्ण नव्हे. हा परजीवी आहे."

"आखाड्यात आमी हळद टाकतो, ताक, लिंबू, त्याल. तुमी नुसती हळद टाका. बगा दोन दिसांत."

आता मलाही चेव आला. मीठ भुरभुरल्यासारखे सुटे ठिपके असतील तर तो क्रिप्टोकॅरिऑन, मी सांगितलं. पिठाची भुकटी उडाल्यासारखं, जरा सोनेरी दिसलं तर अमायलोओडिनियम, आणि तो चार-दोन दिवसांत मासा नेतो. क्लाऊनफिशच्या अंगावर शेंबडासारखा थर धरला तर ब्रुकलिनेला. फ्लूक नावाचे चपटे किडे अंगावर दिसत नाहीत, पण मासा पाचेक मिनिटं गोड्या पाण्यात धरला की पांढरे पडून गळतात.

सगळं दुकान गप्प. मला वाटलं, जिंकलो.

"आनि औषध काय ह्याच्यावर?" पैलवानांनी विचारलं.

"तांबं."

"आत्तिच्या! मग येवडं कशाला? घंगाळात सोडा की! आमच्या आजीचं हाय घरात, शेरभर तांब्याचं न्हाई, चांगलं दणदणीत."

पुन्हा हशा. त्या पोरट्याचा सगळ्यात मोठा. मालकांनी संधी साधली, "चार दिवस थांबा वो, आपोआप जातंय."

संताप याचाच, की ते खरोखर आपोआप जातं. क्रिप्टोकॅरिऑन तीन ते सात दिवस माशाच्या कातडीत जेवतो आणि पोट भरलं की गळून तळाला बसतो. मासा लख्ख. तळाशी त्याची गाठ होते आणि काही दिवसांनी किंवा काही आठवड्यांनी ती फुटून शेकडो पिल्लं पुन्हा त्याच माशाकडे निघतात. तोवर गिऱ्हाईक 'बरा झाला' म्हणून गप्प बसलेलं असतं. काही दुकानदार पाण्यात थोडं तांबं कायमचंच ठेवतात. रोग मरत नाही, फक्त विक्रीपुरता दबतो. घरच्या स्वच्छ पाण्यात तो उफाळला की दोष घरच्या पाण्याचा. हा धंदा मला कळतो, पण बिलावर लिहून दाखवता येत नाही.

मी निघणार तेवढ्यात मोबाईलमधला व्हिडिओ चुकून सुरू झाला. पैलवान अचानक गंभीर झाले.

"ठिपकं ऱ्हाऊद्यात. ह्याची छाती भरलीया. बगा की कल्लं कसं हलत्यात. गडी पडायच्या आदी त्याचा दम सांगतोय."

अगदी बरोबर! हे जंतू आधी कल्ल्यांत शिरतात आणि ठिपके दिसण्याआधी श्वास वाढतो. वर्षानुवर्षं मासे पाळतोय मी, आणि ते वाक्य दुकानात बोलून गेले आखाड्यातले आजोबा. माझा राग त्यानं कमी झाला नाही. वाढला.

तांब्याचं प्रमाण मोजायचा किट गावात मिळाला नाही. मोजल्याशिवाय तांबं घालणं म्हणजे जुगार. कमी पडलं तर जंतू जगतो, जास्त झालं तर मासा जातो. म्हणून दुसरा मार्ग धरलाय. दर 72 तासांनी मासा नव्या टबात न्यायचा आणि जुना टब धुऊन खडखडीत वाळवायचा, म्हणजे गळालेले जंतू मागंच राहतात. त्यामुळं बाथरूममध्ये आता टब दोन आहेत आणि माणसाला जागा नाही.

आज सकाळी पैलवान रिक्षातून खरंच घंगाळ घेऊन दारात हजर. पत्ता मालकांनी दिला म्हणे. मी त्यांना जागेवरच समजावू लागलो, की भांड्यातलं तांबं किती उतरेल याचा हिशेब लागत नाही, मासा मरेल. ते मान हलवत होते. तेवढ्यात बायको बाहेर आली, तिनं घंगाळ बोटानं वाजवून बघितलं, पैलवानांना चहा दिला आणि ते मागच्या दारी नेऊन त्यात आंघोळीचं पाणी काढलं.