पडका वाडा कवडीमोलाने विकू इच्छिणाऱ्यांस सल्ला

पुण्याच्या पेठेत आपला वडिलोपार्जित वाडा असेल, त्याच्या मागच्या भिंतीला पोट आले असेल आणि पावसाळ्याच्या तोंडावर महापालिकेने दारावर धोकादायक इमारतीची नोटीस डकवली असेल, तर ती नोटीस मुळीच काढू नये. ती वाचूनच एक सद्गृहस्थ आपल्याकडे येणार आहेत. ते स्वतःला गुंतवणूकदार म्हणवतात. त्यांना वाड्यात राहायचे नसते आणि तिथे काही बांधायचेही नसते. आपल्या डोक्यावरचा भार हलका करावा, एवढ्याच कळवळ्याने ते जिना चढून वर आलेले असतात.

वाडा दाखवताना मालकाने मान खाली घालावी. कडीपाटाला वाळवी लागली आहे आणि विहीर बुजली आहे, हे त्यांनी विचारण्याआधीच सांगून टाकावे. ‘वाड्याची किंमत शून्य, पैसे फक्त जागेचे,’ असे ते म्हणतील तेव्हा होकार भरावा आणि बोलता बोलता सागवानी खांबावर टिचक्या मारून पाहणाऱ्या त्यांच्या बोटांकडे लक्ष देऊ नये. उतरवलेल्या जुन्या सागाला आणि कोरीव दरवाजांना चांगले गिऱ्हाईक असते, ही माहिती आपल्या काय कामाची? उलट ‘वाडा उतरवण्याचा खर्च आम्ही सोसू,’ या औदार्याबद्दल त्यांना चहा पाजावा. (पोहे केले तरी हरकत नाही; किमतीत फरक पडत नाही.)

रेडी रेकनरचे, म्हणजे सरकारने ठरवलेल्या मूल्यांकनाचे, दर नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात, म्हणूनच ते पाहू नयेत. व्यवहार सरकारी मूल्यांकनाच्या १० टक्क्यांहून अधिक खाली झाला, तर भांडवली नफा त्या मूल्यांकनावरच मोजला जातो; म्हणजे हाती न आलेल्या पैशांवरही कर भरण्याचा मान आपल्याला मिळतो. इसार मात्र रोखीतच घ्यावा. २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम अशी रोख घेतल्यास तेवढाच दंड होऊ शकतो, पण तो घेणाऱ्याला. देणाऱ्या सद्गृहस्थांची काळजी करण्याचे कारण नाही.

आता साठेखत, म्हणजे पुढे वाडा विकण्याचा करार. इसार चिमूटभर, मुदत अकरा महिन्यांची, सोबत एक कुलमुखत्यारपत्र आणि कुठेतरी मागच्या पानावर ‘खरेदीखत आमच्या अथवा आम्ही सुचवू त्या इसमाच्या नावे करून द्यावे’ असे एक निरुपद्रवी वाक्य. वकिलाला दाखवण्याचा हट्ट धरू नये, कारण मसुदा करणारे वकील त्यांचेच असतात आणि त्यांनी तो वाचलेला असतो. शिवाय भिण्यासारखे आहे काय? १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ५४व्या कलमानुसार नुसत्या साठेखताने मालकी जात नाही आणि मुखत्यारपत्रानेही ती जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केलेले आहे. वाडा आपलाच राहतो. घरपट्टी आपली, नोटीस आपली, भिंत रस्त्यावर कोसळली तर पोलीस चौकीतले बाकही आपलेच. आपल्याला गिऱ्हाईक शोधण्याची मोकळीक तेवढी उरत नाही, आणि त्या अकरा महिन्यांत ते काम सद्गृहस्थ आपल्या वतीने निष्ठेने करत असतात.

मुदत संपता संपता दुय्यम निबंधक कार्यालयातून बोलावणे येईल. दस्तात या वेळी तीन पक्ष दिसतील: लिहून देणार आपण, लिहून घेणार कुणी अनोळखी बिल्डर, आणि दोघांच्या मध्ये ‘मान्यता देणार’ म्हणून आपले सद्गृहस्थ. नुसती मान्यता देण्याबद्दल त्यांना किती मिळाले, हे मोबदल्याच्या पानावर अक्षरी आणि आकड्यांत लिहिलेले असते. त्या दिवशी चष्मा घरी विसरून जावे. अंगठ्याचा ठसा यंत्रावर घेतात. त्याला चष्मा लागत नाही.