प्रतिक्रियेला उत्तर : ‘कागद दिला आणि घरी पाठवलं’

ताई,

जीव नकोसा झालेल्या रुग्णाची तपासणी डॉक्टर कशी करतात, या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया पुन्हा पुन्हा वाचली. तिला चार ओळींत उत्तर देणं योग्य नव्हतं, म्हणून हे वेगळं लिहितो आहे. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात असं: तुमच्या १९ वर्षांच्या पुतण्याने जीव देण्याचा प्रयत्न केला. तो वाचला. मानसोपचारतज्ज्ञ त्याच्याशी तासभर बोलले आणि तिसऱ्या दिवशी हातात एक कागद देऊन त्याला घरी सोडलं. तुमचे आक्षेप तीन आहेत. ‘मरायचा विचार येतो का’ असं उघड विचारून डॉक्टरांनीच तो विचार त्याच्या डोक्यात पक्का केला. एवढे प्रश्न विचारून, गुण मांडूनही पुढे काय होईल हे सांगता येत नसेल, तर ती तपासणी कसली? आणि अशा मुलाला महिनाभर ठेवून घ्यायचं सोडून कागद देणं म्हणजे जबाबदारी झटकणं.

दुसऱ्या आक्षेपापासून सुरुवात करतो, कारण तिथे तुमचं बरंचसं बरोबर आहे आणि माझ्या लेखातलं एक वाक्य चूक होतं. ‘धोका जास्त असेल तर दाखल, कमी असेल तर घरी’ असं मी लिहिलं होतं. ते काढून टाकलं आहे. ५० वर्षांतल्या ३६५ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. कोण आत्महत्येचा प्रयत्न करेल याचे अंदाज नाणेफेकीपेक्षा जेमतेम बरे ठरतात, असं त्यात दिसलं. इंग्लंडच्या ‘नाइस’ या संस्थेने २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत तर स्पष्टच म्हटलं की, गुणपत्रिका वापरून भाकीत करू नका आणि कमी-मध्यम-जास्त अशा चिठ्ठ्या लावून उपचार कुणाला द्यायचे हे ठरवू नका. याची कारणं दोन. मरणाचा विचार दिवसभर एका पातळीवर राहत नाही, तासाभरात चढतो आणि उतरतो. सकाळी दहाला मांडलेले गुण रात्री दोनला लागू नसतात. शिवाय ‘कमी धोका’ असा शिक्का बसलेल्यांची संख्या इतकी मोठी असते की दगावणाऱ्यांपैकी अनेक जण त्यांतलेच निघतात.

मग तासभर बोलायचं कशासाठी? पाऊस नेमका कधी पडेल हे सांगता आलं नाही, तरी छप्पर कुठे गळतं ते बघता येतं. डॉक्टर ते बघत असतात. गेल्या काही दिवसांत काय बदललं? झोप किती लागते, पहाटे किती वाजता जाग येते? नैराश्य आहे का? ‘मर’ असं सांगणारे आवाज ऐकू येतात का? दारू किती आणि कधीपासून? निकाल, कर्जाचा हप्ता, मोडलेलं लग्न, न थांबणारं दुखणं यांतलं काय आहे? आधी असा प्रयत्न झाला होता का? आणि एक प्रश्न घाईत हमखास राहून जातो: वाचल्यावर हायसं वाटलं, की वाचल्याचंच वाईट वाटलं? यातल्या प्रत्येक उत्तराला एकेक कृती जोडलेली असते. झोपेवर आजपासून उपचार सुरू होऊ शकतात. आवाजांवर औषध आहे. दारूच्या अमलाखालच्या माणसाची तपासणी अमल उतरल्यावर पुन्हा करायची असते, कारण नशेतलं ‘मला मरायचंय’ आणि शुद्धीतलं ‘काही नाही, घरी जातो’ ही दोन्ही वाक्यं एकट्याने विश्वासार्ह नसतात.

आता विचारण्याबद्दल. ही भीती फार जुनी आहे आणि ती प्रेमापोटी येते, हे मान्य. पण ती तपासून पाहिली गेली आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या २,३४२ शाळकरी मुलांवरचा अभ्यास २००५ मध्ये आला. निम्म्या मुलांना आत्महत्येच्या विचारांबद्दल थेट प्रश्न विचारले, निम्म्यांना विचारले नाहीत. दोन दिवसांनी पाहिलं तर विचारलेल्या मुलांमध्ये त्रास वाढलेला नव्हता. ज्यांना आधीपासून नैराश्य होतं, त्यांना उलट थोडं हलकं वाटल्याचं दिसलं. तुमच्या पुतण्याच्या बाबतीत तर प्रयत्न होऊन गेला होता. विचार आधीच तिथे होता. त्याच्याबद्दल बोलता येईल असं माणूस तेवढं नव्हतं.

चूक होते ती कसं विचारलं जातं यात. आपल्याकडे ओपीडीत सर्वांत जास्त ऐकू येणारं वाक्य असं असतं: “तसलं काही मनात येत नाही ना?” या एका वाक्यात दोन चुका आहेत. ‘तसलं काही’ म्हणजे काय ते दोघांनीही उच्चारलं नाही. आणि शेवटचा ‘ना’ उत्तर स्वतःच देऊन मोकळा होतो. समोरच्याने फक्त मान हलवायची असते. ‘जिवाचं बरंवाईट’ या शब्दाचंही तेच. आडून विचारलं की आडूनच उत्तर येतं. इंग्लंडमधल्या मानसोपचार ओपीडीतल्या संभाषणांचं चित्रीकरण करून झालेल्या अभ्यासातही हाच दोष सापडला: प्रश्न नकारार्थी ठेवला की रुग्णाचं ‘नाही’ वाढतं.

नीट विचारायचं म्हणजे पायरी-पायरीने. आधी: “या सगळ्यात जगणं नको वाटतं असं होतं का?” मग: “रात्री झोपलो तर सकाळी उठूच नये, असं वाटतं का?” मग सरळ: “स्वतःचा जीव संपवायचा विचार येतो का?” ‘हो’ आलं तर तिथे थांबायचं नाही. किती वेळा येतो, किती वेळ टिकतो, काही ठरवलं आहे का, त्यासाठी काही जमवाजमव केली का, कुणाला निरोप लिहिला का, आणि आतापर्यंत कशामुळे थांबलात? कोलंबिया नावाची प्रश्नावली जगभर वापरतात, तिची चढणही साधारण अशीच आहे. ती वापरण्यात गैर काही नाही, प्रश्न चुकू नयेत म्हणून ती उपयोगी पडते. केसपेपरवर टिकमार्क करत खाली मान घालून ती वाचली की मात्र वाया जाते.

आणि हे प्रश्न एकट्यात विचारायचे. सासू शेजारी उभी असताना सून खरं सांगणार नाही, वडील उभे असताना तुमचा पुतण्याही नाही. रुग्णाशी आधी एकट्याने बोलायचं, मग नातेवाइकांशी वेगळं. घरच्यांना सुरक्षिततेपुरतं सगळं सांगायचं. कुणाशी प्रेम होतं, कशात नापास झाला, ते त्याच्या परवानगीशिवाय नाही.

खेड्यातली आणखी एक अडचण भाषेची आहे. फवारणीच्या द्रव्यालाही आपण ‘औषध’च म्हणतो. कॅज्युअल्टीत “औषध घेतलं” म्हटल्यावर कुठलं ते कळत नाही, आणि पोलिसांच्या धास्तीने घरचे “चुकून घेतलं” म्हणतात. मग पोटावर, श्वासावर उपचार होतात आणि मानसोपचारतज्ज्ञाला बोलावलंच जात नाही. ही धास्ती आता कायद्याला धरून नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मधलं कलम ११५ मे २०१८ पासून लागू आहे. असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच ते गृहीत धरतं, आणि तिच्या उपचारांची व पुनर्वसनाची जबाबदारी सरकारवर टाकतं. १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुन्या दंड संहितेतलं कलम ३०९ त्या रूपात उरलेलंच नाही. एमएलसीची, म्हणजे रुग्णालयाने पोलिसांना कळवायच्या प्रकरणाची, नोंद झाली म्हणजे मुलावर गुन्हा दाखल झाला, असं नाही.

तिसरा आक्षेप, महिनाभर ठेवून घेण्याचा. दाखल करणं कधी गरजेचंच असतं: इरादा अजून पक्का आहे, आवाज ऐकू येतात, नैराश्य इतकं खोल आहे की खाणंपिणं सुटलंय, घरी सोबत कुणी नाही किंवा घरच त्रासाचं कारण आहे. अशा वेळी रुग्ण तयार नसला तरी मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ८९ खाली आधाराने दाखल करता येतं. त्यासाठी दोन तज्ज्ञांची स्वतंत्र तपासणी लागते, त्यांतला एक मानसोपचारतज्ज्ञ असावा लागतो, आणि मर्यादा ३० दिवसांची आहे. खोल नैराश्यात विद्युतउपचार, म्हणजे लोक ज्याला शॉक म्हणून घाबरतात तो उपचार, गोळ्यांपेक्षा लवकर गुण देतो. भूल देऊन तो केला जातो.

पण वॉर्ड धोका संपवत नाही, पुढे ढकलतो. डिस्चार्जनंतरचे पहिले काही आठवडे सर्वांत नाजूक असतात, मग मुक्काम तीन दिवसांचा असो की तीस. घर जसंच्या तसं, कर्ज जसंच्या तसं, वर ‘तिथे’ राहून आल्याचा शिक्का. म्हणून तिसऱ्या दिवशी सोडलं हे आपोआप चूक ठरत नाही. सोडताना पुढच्या महिन्याची बांधणी झाली होती का, हा खरा प्रश्न आहे.

आणि इथे तो कागद येतो. त्याला सुरक्षा आराखडा म्हणतात. अमेरिकेत स्टॅन्ली आणि ब्राउन या मानसशास्त्रज्ञांनी तो बांधला. तिथल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत आराखडा आणि त्यासोबत फोनवरचा पाठपुरावा मिळालेल्या रुग्णांमध्ये सहा महिन्यांत आत्महत्येशी संबंधित वर्तन सुमारे ४५ टक्के कमी आढळलं. २०१८ चा अभ्यास आहे. यात सहा भाग असतात आणि ते रुग्णाच्या शब्दांत लिहायचे असतात. ‘तणाव वाढणे’ असं लिहिलेला आराखडा निरुपयोगी. समजा, एखादा मुलगा म्हणतो, “मी जेवायला खाली जात नाही, मोबाइल उलटा ठेवतो आणि छताकडे बघत पडतो.” हे त्याचं धोक्याचं चिन्ह, असंच्या असं लिहायचं. मग एकट्याने करता येणारं: गोठ्यात जाऊन म्हशीला पाणी दाखवणं, गार पाण्याने अंघोळ. मग माणसांत नेणारं, काही न सांगता: पारावर जाऊन बसणं, चुलतभावाबरोबर क्रिकेट. मग ज्याला खरं सांगता येईल असं माणूस, नाव आणि नंबरसकट. मग डॉक्टर, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६. तो चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. सहावा भाग घरातल्या धोक्याच्या वस्तू दूर करण्याचा. प्रत्येक ओळीनंतर डॉक्टरांनी विचारायला हवं, “हे तू खरंच करशील का? काय आडवं येईल?” चुलतभाऊ पुण्याला असेल तर ती ओळ खोडून दुसरी लिहायची. हे नीट केलं तर वीस ते चाळीस मिनिटं लागतात. छापील फॉर्म भरून हातात दिला असेल, तर तुमचा राग रास्त आहे.

या कागदाच्या जागी आपल्याकडे अनेकदा शपथ घातली जाते. “आईच्या गळ्याची शपथ, पुन्हा असं करणार नाहीस.” काही डॉक्टरही तसं लिहून घेतात. त्याने जीव वाचल्याचा पुरावा नाही. होतं एवढंच की पुढच्या वेळी विचार आला की मुलाला मरणाच्या विचाराबरोबर शपथ मोडल्याची लाजही लपवावी लागते.

सहावा भाग सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत परिणामकारक आहे. श्रीलंकेने १९९५ पासून अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली आणि पुढच्या दोन दशकांत तिथला आत्महत्येचा दर सुमारे ७० टक्क्यांनी खाली आला. माणसं दुःखातून बाहेर आली म्हणून हे झालं नाही. उसळी येते त्या घटकेला हाताशी जीवघेणं काही नसलं की बहुतेक वेळा ती घटका निघून जाते. तुमच्या घरी शेती आहे असं तुम्ही लिहिलंय. तेव्हा फवारणीचं सगळं सामान आज घराबाहेर जाऊ द्या, शक्यतो दुसऱ्या कुटुंबाकडे. ते शक्य नसेल तर कुलपात, आणि किल्ली एकाच मोठ्या माणसाच्या अंगावर, खुंटीवर नाही. उरलेलं, अर्धं वापरलेलं, मागच्या हंगामातलं, सगळं यात आलं. गोळ्यांचंही तेच: आजोबांच्या बीपीच्या, आजीच्या झोपेच्या, तुमच्या स्वतःच्याही. पुतण्याच्या गोळ्या एका आठवड्याच्याच आणायच्या आणि घरच्या माणसाने रोजच्या रोज हातात द्यायच्या.

त्याला नैराश्याच्या गोळ्या सुरू केल्या असतील तर एक गोष्ट माहीत असू द्या. २५ वर्षांखालच्या रुग्णांत सुरुवातीच्या आठवड्यांत काहींची बेचैनी आणि मरणाचे विचार वाढू शकतात. अमेरिकेच्या औषध नियामकाने तसा इशारा दिलेला आहे. म्हणून गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत. येरझाऱ्या, चिडचिड, झोप उडणं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं.

आणि तुमची खरी तक्रार तुम्ही प्रतिक्रियेच्या शेवटच्या ओळीत लिहिली आहे: “दहा दिवस झाले, कुणाचा एक फोन नाही.” इथे मी पूर्णपणे तुमच्या बाजूने आहे. जागतिक आरोग्य संघटनेने चेन्नईसह पाच देशांतल्या पाच ठिकाणी १,८६७ रुग्णांवर अभ्यास केला, तो २००८ मध्ये छापून आला. अर्ध्यांना नेहमीचे उपचार. अर्ध्यांना त्यांबरोबर तासभर समजावणं आणि १८ महिन्यांत नऊ वेळा भेट किंवा फोन: आठवडा १, २, ४, ७, ११, मग महिना ४, ६, १२, १८. आत्महत्येने दगावलेल्यांचं प्रमाण पहिल्या गटात २.२ टक्के, दुसऱ्यात ०.२. त्या फोनसाठी मानसोपचारतज्ज्ञच लागतो असं नाही. प्रशिक्षण दिलेली परिचारिका किंवा समाजसेविका तो करू शकते. जिल्ह्यात तज्ज्ञ मोजकेच आहेत, हे फोन न करण्याचं कारण होऊ शकत नाही.

तेव्हा फोनची वाट पाहू नका. उद्या सकाळी ओपीडीत स्वतः जा, या आठवड्यातली तारीख लिहून घ्या आणि त्याला एकट्याने डॉक्टरांशी बोलू द्या. त्याआधी पुन्हा विचार उसळला, तर १४४१६ आहे, आणि जीव धोक्यात वाटला तर १०८ किंवा जवळची कॅज्युअल्टी. तोवर त्याला एकटं सोडायचं नाही. आज संध्याकाळी त्याच्याजवळ बसून तो कागद मागा. त्यावर काय लिहिलंय ते त्यालाच वाचून दाखवायला सांगा. ज्याला खरं सांगता येईल त्या माणसाची ओळ रिकामी असेल, तर तिथे तुमचं नाव चालेल का, हे विचारा.