छत्री कळली हो, कंसात काय लिहायचं ते सांगा!

व्हिडिओत जावास्क्रिप्ट या वेबपेजच्या प्रोग्रॅमिंग भाषेचं इफ-एल्स (अट खरी तर हे, नाहीतर ते) शिकवायचं म्हटलं की 'पाऊस आला तर छत्री घ्या', झाला धडा! अहो, छत्री सगळ्यांना कळते. पोरं अडकतात ती इफच्या कंसात, आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

फॉर्ममध्ये भरलेलं वय ही संख्या नसते, स्ट्रिंग (नुसता मजकूर) असते. इनपुटचा टाइप 'नंबर' ठेवला तरी व्हॅल्यू स्ट्रिंगच येते. वय >= १८ लिहिलं तर भाषा गुपचूप रूपांतर करून घेते, म्हणून सगळं आलबेल वाटतं. पण किमान आणि कमाल असे दोन्ही आकडे फॉर्ममधूनच आले की '९' हा '१८' पेक्षा मोठा ठरतो, कारण तुलना अक्षराअक्षराची होते आणि ९ हे १ च्या पुढचं. आधी नंबर() या संख्या बनवणाऱ्या फंक्शनमधून काढा, एवढं सांगायला काय जातं? त्यातही मेख आहेच: रिकामी स्ट्रिंग नंबर() मधून शून्य होऊन बाहेर पडते. तेव्हा रिकामं आहे का, ते त्याआधी तपासायचं.

मग ते एकुलतं एक =. इफ (वय = १८) हा प्रश्नच नाही, तिथे वयात १८ कोंबले जातात. शून्य नसलेली संख्या म्हणजे ट्रू (खरं), त्यामुळे प्रत्येक जण आत, वर मूळ वयही गेलं. कन्सोलमध्ये (ब्राउझर चुका दाखवतो तिथे) हूं की चूं नाही! इफ (रंग === 'लाल' || 'निळा') (=== म्हणजे तंतोतंत समान, || म्हणजे किंवा) याचीही तीच गत, नुसता 'निळा' कायम ट्रू. रंग === दोन्हीकडे लिहावंच लागतं.

इफ (किंमत) लिहून किंमत भरली का ते तपासणारे तर धन्य! फुकट वस्तूची किंमत शून्य, शून्य म्हणजे फॉल्स, की लगेच 'कृपया किंमत भरा'. आणि तोच शून्य स्ट्रिंग म्हणून आला तर ट्रू.

गुणांच्या उदाहरणात पहिली अट >= ३५, तिच्याखाली एल्स इफ >= ७५. पहिली अट लागली की खालची कोण बघतो? ९० वालाही नुसता 'पास', डिस्टिंक्शन कुणालाच नाही. मोठा आकडा वर घ्या ना!

ईएसलिंट या कोडमधल्या चुका शोधणाऱ्या साधनाची शिफारशीच्या नियमांची यादी चालू केली तरी इफमधला तो एकटा = पकडला जातो. रूपांतर करून तुलना करणाऱ्या == साठीचा नियम मात्र वेगळा चालू करावा लागतो. ते दाखवायला दोन मिनिटं नाहीत, आणि 'सबस्क्राइब करा' मात्र तीनदा.